परसांतील धनुर्विद्येची सरावभूमि

भारी धानाची कापणी व मळणी आटोपली, खळ्यांतील रास घरांत किंवा खरेदी केंद्रावर गेली, म्हणजे गोंदिया जिल्ह्यांतील कास्तकारास वर्षांतून एकदां थोडी उसंत मिळते. ज्यांस इटियाडोहाचें किंवा विहिरीचें पाणी आहे त्यांचे उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकण्याचें काम लागलीच सुरू होतें हें खरें. तरी घरांतील तरुण मुलामुलींस सकाळीं किंवा संध्याकाळीं तास-दीड तास या दिवसांत मोकळा सांपडतो. हवा कोरडी व थंड असते, पावसाचें भय नसतें, आणि घरामागें तणसाचा ढीग नुकताच रचलेला असतो. धनुर्विद्येच्या सरावास याहून सोयीचा काळ आमच्या भागांत दुसरा नाहीं. म्हणून घरामागच्या वाडींत, जिला आपण सांदवाडी म्हणतों, तेथें सरावाची जागा कशी सिद्ध करावी, तिला काय साहित्य लागतें, आणि मुख्यतः कोणत्या ठिकाणीं ती करूंच नये, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा खटाटोप कशासाठीं?

धनुष्यबाण आमच्या जिल्ह्यास नवीन नाहीं. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगांव या तालुक्यांतील जंगलालगतच्या वस्त्यांस तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु आज त्याचें स्वरूप बदललें आहे. शिकारीचें साधन म्हणून त्याचा काळ संपला. खेळ म्हणून मात्र त्यास जगभर मान आहे. १९७२ सालच्या म्युनिक येथील सामन्यांपासून धनुर्विद्या ऑलिंपिकमध्यें अखंड चालू आहे, आणि आपल्या देशांत इंडियन राउंड या नांवाच्या प्रकारांत साध्या बांबूच्या धनुष्यानें ३० व ५० मीटरांवरून स्पर्धा होतात. म्हणजे हजारों रुपयांचें यंत्रासारखें धनुष्य नसलें तरी आरंभ करतां येतो.

महाराष्ट्रांतील मुलांनीं या खेळांत काय केलें तें पाहावें. सातारा जिल्ह्यांत फलटण तालुक्यांत सरडे नांवाचें गांव आहे. तेथील प्रवीण जाधव यांचे आईबाप मोलमजुरी करून पोट भरणारे. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींत, आपल्या विदर्भांतील अमरावती येथें, त्यांचें धनुर्विद्येचें शिक्षण झालें. पुढें ते सैन्यांत गेले आणि २०२१ सालीं टोकियो येथें व २०२४ सालीं पॅरिस येथें भारताच्या संघांतून ऑलिंपिकमध्यें उतरले. २०२३ सालच्या ऑगस्टमध्यें बर्लिन येथील जागतिक स्पर्धेंत सातारची अदिती स्वामी ही सतरा वर्षांची मुलगी व नागपूरचे ओजस देवतळे हे दोघेहि कंपाउंड धनुष्याच्या प्रकारांत जगज्जेते ठरले. ओजस यांनीं अंतिम सामन्यांत पंधरा बाणांत दीडशेंपैकीं दीडशें गुण घेतले. म्हणजे एकहि बाण मधल्या वर्तुळाबाहेर गेला नाहीं. अदितीच्या सरावाचा आरंभ ऊसाच्या शेतांत तयार केलेल्या जागेवर झाला, ही गोष्ट आम्हां शेतकऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जेथें शेत आहे तेथें सरावभूमि होऊं शकते. मात्र ती विचारपूर्वक केली पाहिजे.

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं महाराष्ट्रांत ५ टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळें पुष्कळ घरांत या खेळाकडे पाहण्याची दृष्टि बदलली आहे. परंतु केवळ नोकरीच्या आशेनें मुलास धनुष्य हातीं देऊं नये, असें आम्हांस वाटतें. एकाग्रता, श्वासावर ताबा, पाठीचा ताठपणा आणि आपली चूक आपणच शोधण्याची संवय, हा लाभ प्रत्येकास होतो. पदक थोड्यांसच मिळतें.

जागेची निवड

प्रथम अंतराचा विचार करूं. ऑलिंपिकमध्यें ७० मीटरांवरून नेम धरतात. तेवढी जागा वाडींत क्वचितच असेल, आणि आरंभीं तिची गरजहि नाहीं. थंड देशांत हिवाळ्यांत छपराखालीं सराव चालतो, त्याचें ठरलेलें अंतर १८ मीटर, म्हणजे आपले सुमारें चाळीस हात. हेंच अंतर आपण धरावें. नेम धरणारा जेथें उभा राहतो त्या रेषेस आपण नेमरेषा म्हणूं. तिच्यामागें पांच मीटरांवर इतरांनीं थांबण्याची दुसरी रेषा असावी. लक्ष्यामागें तीन मीटरांवर मातीचा बांध असावा. हें सर्व मिळून तीस मीटर लांब व सात मीटर रुंद पट्टी लागते. म्हणजे दोन आरांहून किंचित् अधिक जागा झाली.

ही पट्टी बांधींत घेण्याचा मोह पुष्कळांस होईल, कारण धान कापल्यावर बांध्या रिकाम्या दिसतात. परंतु ज्या बांधींत उतेऱ्याची लाखोरी, जवस किंवा हरभरा आहे तेथें रोज ये-जा केल्यास पीक तुडविलें जाईल. शिवाय बांधींतील ओल पुष्कळ दिवस टिकते व पाय रुतून उभें राहणें बिघडतें. वाडींतील टणक, सपाट जागाच उत्तम.

आतां खरी महत्त्वाची गोष्ट. लक्ष्याच्या मागें काय आहे? रस्ता, पांदण, गोठा, शेजाऱ्याचें अंगण, विहिरीची वाट किंवा शाळा असेल, तर तेथें सरावभूमि करूंच नये. बांध कितीहि उंच घातला तरी नये. याचें कारण हिशोबानेंच पटेल. समजा, बाण सेकंदाला ४५ मीटर या वेगानें सुटतो. साध्या धनुष्याचा वेग एवढा असूं शकतो. नेमाची उंची जमिनीपासून दीड मीटर, आणि एकवीस मीटरांवर अडीच मीटर उंचीचा बांध आहे. त्या बांधापर्यंत जातांना बाण स्वभावतः सुमारें एक मीटर खालीं येतो. तरीसुद्धां सुटण्याच्या क्षणीं तो पांच-सहा अंशांहून अधिक वर झाला, तर बांधावरून पलीकडे जातो. पांच-सहा अंश म्हणजे हाताचा केवढासा फरक! दहा अंश वर झालेला बाण सुमारें सत्तर मीटर जातो, आणि त्याहून अधिक वर झालेला शंभर मीटरांच्याहि पुष्कळ पलीकडे जातो. म्हणून बांधामागें निदान शंभर मीटरपर्यंत आपलेंच मोकळें शेत असावें, तें नेमरेषेवरून दिसावें, आणि सराव चालू असतां तेथें कोणी माणूस किंवा जनावर नसावें. ज्याच्यापाशीं अशी जागा नाहीं त्यानें गांवांतील दुसऱ्या कास्तकाराच्या शेतांत एकत्र सोय करावी. त्यांत कमीपणा नाहीं.

कोणी म्हणेल, आमच्या गांवीं मालगुजारी तलावाची उंच पाळ आयतीच आहे, तीच बांध म्हणून कां घेऊं नये? उंची पुरेशी असली तरी पाळीवरून माणसें व गुरें जातात, आणि पलीकडून वर चढणारा मनुष्य अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाहीं. म्हणून पाळ वर्ज्य समजावी.

दिशा

नेम धरणाऱ्याचें तोंड उत्तरेस असावें. म्हणजे लक्ष्य पट्टीच्या उत्तर टोकास उभें करावें. आपल्याकडे हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तो आग्नेयेस उगवतो व नैर्ऋत्येस मावळतो. उत्तरेस तोंड केल्यास तो दिवसभर पाठीमागें राहतो, डोळ्यांवर तिरीप येत नाहीं आणि लक्ष्यावर उजेड चांगला पडतो. पूर्वेस किंवा पश्चिमेस तोंड केल्यास सरावाच्या नेमक्या वेळींच, म्हणजे सकाळीं किंवा संध्याकाळीं, डोळे दिपतात. दिपलेल्या डोळ्यांनीं सोडलेला बाण कोठें जाईल याचा नेम नाहीं.

मागचा बांध

बांध पट्टीच्या मध्यावर निदान पांच मीटर रुंद व अडीच मीटर उंच असावा. नुसत्या मातीचा घातल्यास माती फार लागते. त्याऐवजीं जुना बारदाना घेऊन पोतीं मातीनें भरावीं व विटांसारखीं सांधे चुकवून रचावीं; पायांत तिहेरी, मध्यें दुहेरी व वर एकेरी थर असावा, आणि भिंत किंचित् मागें कललेली असावी, म्हणजे ती पुढें ढासळत नाहीं. मातींतील गोटे व विटांचे तुकडे वेंचून टाकावे. बाण दगडावर आपटला तर मोडतो किंवा उलट उसळतो. पुढच्या बाजूस मऊ मातीचा जाड लेप द्यावा. पावसाळ्यांत पोतीं कुजतात, म्हणून दरवर्षीं सराव सुरू करण्यापूर्वीं बांध पाहून दुरुस्त करावा.

येथें एक सूचना विशेष आग्रहानें करावीशी वाटते. तणसाचा ढीग आयता उभा आहे, तोच मागें ठेवला तर बांधाचे कष्ट वांचतील, असें मनांत येणें साहजिक आहे. असें कदापि करूं नये. चुकलेल्या बाणाचें लोखंडी टोक तणसांत राहून गेलें व तें चाऱ्याबरोबर बैलाच्या किंवा गाईच्या पोटांत गेलें, तर तें दुसऱ्या जठरांत अडकतें. तें जठर हृदयाच्या अगदीं जवळ आहे. टोक त्याची भिंत भेदून हृदयाच्या आवरणांत शिरतें व जनावर दगावतें. खिळा किंवा तार खाल्ल्यानें गुरें मरतात त्याचें कारण हेंच. चाऱ्याचा ढीग व बाण यांची गांठ पडूं देऊं नये. आणि लक्ष्यासाठीं एकदां वापरलेलें तणस पुन्हा गव्हाणींत जाऊं देऊं नये. तें खताच्या खड्ड्यांतहि टोकें शोधून काढल्यावरच टाकावें.

तणसाची गादी

ज्यावर बाण रुततो त्या जाड लक्ष्यास आपण गादी म्हणूं. ती विकत मिळते. पण आपल्यासारख्या धानाच्या मुलखांत ती घरीं करणेंच शहाणपणाचें. तणस मात्र हातानें कापलेल्या धानाचें, लांब काड्यांचें हवें. हार्वेस्टर यंत्रांतून निघालेल्या तणसाचे तुकडे होतात व तें गादींत टिकत नाहीं.

कृति अशी. तणस दोन दिवस उन्हांत चांगलें वाळवावें. ओलें राहिल्यास आंत तापतें व बुरशी येते. राहिलेल्या लोंब्या झाडून काढाव्या, नाहींतर उंदीर गादी पोखरतात. लांकडाच्या दोन फळ्या घ्याव्या, प्रत्येक सुमारें एक मीटर लांब व एक वीत रुंद. दोन्ही फळ्यांच्या टोकांस भोकें पाडून त्यांतून आटे पाडलेल्या लोखंडी सळ्या उभ्या बसवाव्या. खालच्या फळीवर तणसाच्या पेंढ्या आडव्या रचाव्या; एका थरांत बुडखे डावीकडे, तर पुढच्या थरांत उजवीकडे, म्हणजे जाडी सर्वत्र सारखी येते. प्रत्येक थर पायानें दाबावा. सैल थर दीड मीटरपर्यंत चढला कीं वरची फळी ठेवून दोघांनीं तिच्यावर भार द्यावा व चाक्या आवळीत जाऊन उंची ९० सेंटिमीटरांवर आणावी. बाहेर आलेल्या काड्या विळ्यानें कापून तोंड सपाट करावें व वर बारदाना ताणून दाभणानें शिवावा.

बाण थांबतो तो तणसाच्या कठीणपणामुळें नव्हे, तर दाबलेल्या काड्यांच्या घर्षणामुळें. म्हणून दाब हाच गादीचा प्राण आहे. बोट सहज आंत शिरत असेल तर गादी सैल समजावी. वाळल्यावर तणस आणखी बसतें, म्हणून दर आठवड्यास चाक्या पुन्हा आवळाव्या. पहिली परीक्षा पांच मीटरांवरून, मागें बांध आहे हें पाहून करावी. बाण अर्ध्याहून अधिक आंत गेला तर दाब वाढवावा किंवा मागें दुसरी गादी जोडावी.

गादी बांबूच्या तिकाटण्यावर अशी ठेवावी कीं लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटरांवर येईल. स्पर्धेंत हीच उंची असते. लहान मुलांसाठीं ती एक मीटरवर आणण्यास हरकत नाहीं. गादीचें तोंड दहा-पंधरा अंश मागें कललेलें असावें. तिकाटणें खुंट्यांनीं जमिनीस पक्कें बांधावें, नाहींतर वाऱ्यानें उलटून बाण मोडतील. गादी जमिनीस टेकूं देऊं नये, वाळवी लागते. सराव संपल्यावर ती आडोशास ठेवावी, आणि चूल, शेकोटी व बिडी तिच्यापासून दूर राखावी.

वर्तुळें व अंतर

गादीवर वर्तुळांचा कागद लावतात. १८ मीटरांसाठीं तो ४० सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्यांत दहा वर्तुळें, प्रत्येक पट्टा दोन सेंटिमीटर रुंद. रंग बाहेरून आंत पांढरा, काळा, निळा, तांबडा व पिवळा, प्रत्येक रंगाचे दोन पट्टे. बाहेरच्या पट्ट्यास एक गुण व अगदीं मधल्यास दहा. खिळा व सुतळी घेऊन असा कागद मुलें घरींच काढूं शकतात.

मोठ्या अंतराचा अभ्यास लहान जागेंत कसा करावा, यास त्रैराशिक पुरेसें आहे. ७० मीटरांवर १२२ सेंटिमीटरांचें लक्ष्य असतें; तर १८ मीटरांवर तेवढेंच दिसण्यास किती व्यास हवा? १२२ ला १८ नें गुणून ७० नें भागिलें कीं सुमारें ३१ सेंटिमीटर येतात. ज्याच्या वाडींत दहाच मीटर जागा आहे त्यानें साडेसतरा सेंटिमीटरांचें वर्तुळ काढावें. डोळ्यास दोन्ही सारखींच भासतात.

मात्र एक भेद राहतो, तो पृथ्वीच्या ओढीचा. वर सांगितलेल्या वेगाचा बाण १८ मीटर जाण्यास सेकंदाचे चार दशांश घेतो व तेवढ्यांत पाऊण मीटरहून थोडा अधिक खालीं येतो. अंतर दुप्पट केलें तर बाण दुप्पट नव्हे, चौपट खालीं येतो, म्हणजे तीन मीटरांहून अधिक. म्हणून जवळच्या सरावानें हात स्थिर होतो, परंतु लांबच्या अंतराची उंची पुन्हा वेगळी शिकावी लागते. हिवाळ्यांत हाताची शिस्त बसवावी आणि पुढें मोठ्या मैदानावर अंतर वाढवावें, हाच क्रम योग्य.

धनुष्य, बाण व त्यांची निगा

धनुष्याचें ओढ-वजन पौंडांत मोजतात. मुलांस दहा ते चौदा पौंडांचें व वाढत्या वयाच्या नवशिक्यास सोळा ते वीस पौंडांचें पुरे. नांगर धरणाऱ्या तरुणास हें पोरखेळाचें वाटेल. पण जड धनुष्य ओढतांना खांदा वर चढतो व वांकडी संवय कायमची जडते. बाणाची लांबी पूर्ण ओढीपेक्षां निदान दोन इंच अधिक असावी. आंखूड बाण ओढतांना धनुष्याच्या आंत येतो व सुटतांना हातांत शिरतो.

बाण न लावतां दोरी ओढून कधींहि सोडूं नये. बाणास जावयाचा जोर धनुष्यांतच राहून तें तडकतें. थंड सकाळीं धनुष्य ताठर असतें, म्हणून प्रथम दोनचार वेळां अर्धवट ओढून सावकाश परत आणावें व मग पूर्ण ओढावें. सराव संपतांच बांबूच्या धनुष्याची दोरी उतरावी. तें चुलीजवळ किंवा उन्हांत टांगूं नये; महिन्यांतून एकदां जवसाच्या तेलाचा हात फिरवावा. दोरीस मेण लावावें व तिचा एक जरी धागा तुटलेला दिसला तरी ती बदलावी. पहाटेच्या दंवानें बाणाचीं पिसें भिजतात व बाण भरकटतो. म्हणून धुकें व दंव उतरल्यावरच आरंभ करावा. प्रत्येक बाण हातांत थोडा वांकवून कानाशीं धरावा. करकर ऐकूं आल्यास मोडून टाकावा. चिरलेला बाण दोरीच्या आघातानें फुटतो व त्याची कपरी हातांत घुसते.

न मोडण्याचे नियम

सरावभूमीवर एक जाणता मनुष्य असल्यावांचून मुलांनीं धनुष्यास हात लावूं नये. त्याच्या गळ्यांत शिटी असावी. जगभर पाळली जाणारी खूण अशी आहे: दोन शिट्या म्हणजे नेमरेषेवर यावें, एक शिटी म्हणजे बाण सोडण्यास प्रारंभ, तीन शिट्या म्हणजे थांबून बाण आणावयास जावें, पांच किंवा अधिक शिट्या म्हणजे संकट, तत्क्षणीं धनुष्य खालीं. घरचीं दोनच मुलें असलीं तरी हीच शिस्त लावावी.

सर्वांनीं एकाच रेषेवरून नेम धरावा. कोणी पुढें, कोणी मागें असें नको. बाण दोरीवर लावला असतां त्याचें टोक लक्ष्याखेरीज कोठेंहि वळूं नये. धनुष्य आकाशाकडे उचलून मग खालीं आणीत ओढण्याची ढब कित्येकांस असते. हात निसटला तर तो बाण शेतापार जाईल, म्हणून ती पहिल्या दिवसापासून मोडावी. बाण काढतांना एक हात गादीवर सपाट टेकावा, दुसऱ्यानें बाण गादीजवळ धरून सरळ ओढावा, आणि त्या वेळीं मागें कोणी उभें राहूं नये. बाणाच्या मागच्या टोकानें डोळा जाऊं शकतो. चुकलेला बाण शोधतांना एकानें गादीपुढें उभें राहावें, म्हणजे पट्टी रिकामी नाहीं हें सर्वांस दिसेल. बाण मोजून न्यावे व मोजूनच परत ठेवावे. एक बाण कमी भरला तर तो सांपडेपर्यंत गुरें त्या शेतांत सोडूं नयेत.

आणखी एक नियम कायद्याचा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे व त्यान्वयें शिकार हा गुन्हा आहे. अभयारण्यांत शस्त्र घेऊन परवान्यावांचून जाण्यासहि मनाई आहे. नवेगांव-नागझिरा हा २०१३ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला, आणि आमचीं कितीक गांवें त्याच्या कडेस आहेत. रानडुकरांच्या उपद्रवानें कास्तकार गांजला आहे हें आम्ही जाणतों. परंतु तो प्रश्न सरावाच्या धनुष्यानें सोडविण्याचा नाहीं. जखमी जनावर झुडपांत जाऊन तडफडतें किंवा उलटून माणसावर येतें, आणि मुलाच्या नांवावर गुन्हा नोंदला जातो. डुकरावर, पांखरावर किंवा गांवच्या कुत्र्यावर बाण सोडणाऱ्याचें धनुष्य त्याच दिवशीं काढून घ्यावें.

सरावाची रीति

पहिले दहा-पंधरा दिवस वर्तुळांचा कागद लावूंच नये. गादीपासून पांच मीटरांवर उभें राहून केवळ उभें राहणें, ओढणें, हनुवटीशीं हात टेकविणें व सोडणें एवढ्यांकडेच लक्ष द्यावें. लक्ष्य दिसलें कीं मन गुणांकडे धांवतें व शरीर विसरतें. पुढें दहा मीटर व त्यानंतर अठरा मीटर असें मागें सरावें. अठरा मीटरांवर एका अंशाची चूक बाणास एकतीस सेंटिमीटर बाजूस नेते; म्हणजे चाळीस सेंटिमीटरांच्या कागदाच्या मध्यावरून थेट बाहेर. म्हणूनच पायांची जागा रोज खडूनें आंखून ठेवावी व सहा बाणांसाठीं ती हलवूं नये.

बाण कोठें लागले यापेक्षां ते कसे लागले हें पाहावें. सहाहि बाण एकाच ठिकाणीं पण मध्यापासून दूर पडले, तर हात बरोबर असून नेमाची खूण चुकलेली आहे. ती सुधारणें सोपें. बाण चहूंकडे पसरले, तर दोष ओढण्यांत किंवा सोडण्यांत आहे. त्यास खूण बदलून उपयोग नाहीं. बाण वरखालीं पसरत असतील तर ओढ कमीअधिक होत आहे असें समजावें. डावे-उजवे पसरत असतील तर बोटें दोरी सरळ सोडीत नाहींत किंवा धनुष्य मुठींत आवळलें जात आहे.

आरंभीं दिवसाला तीस बाण पुरेत. खांदा सांवरला कीं साठ करावे. साठ बाणांचे अधिकांत अधिक सहाशें गुण होतात, आणि १८ मीटरांच्या स्पर्धेचा हिशोबहि हाच आहे. शेतीचा जमाखर्च आपण ठेवतों तशी एक वही ठेवून तारीख, अंतर, बाण व गुण रोज लिहावे. महिन्याअखेर वही पाहिली म्हणजे प्रगति आहे कीं नुसता उत्साह आहे तें कळतें. खांदा किंवा कोपर दुखूं लागल्यास दोन दिवस विसांवा द्यावा. दुखणें दाबून सराव करणें हें शौर्य नव्हे.

शेवटची गोष्ट

वर वर्णिलेल्या योजनेंत विकत घ्यावयाचें तें धनुष्य, बाण, सळ्या व शिटी एवढेंच. तणस, बारदाना, बांबू, माती व जागा आपल्या घरचीं आहेत. यांपैकीं जागा हीच गांवांत सर्वांजवळ नसते. ज्याच्या वाडीमागें मोकळें शेत आहे त्यानें ती आपल्या मुलांपुरतीच न राखतां शाळेच्या गुरुजींस बोलावून दाखवावी, आणि धान कापावयास येणाऱ्या मजुरांचीं मुलेंहि त्याच रेषेवर उभीं करावीं. सरड्याच्या त्या मुलाच्या आईबापांपाशीं शेत नव्हतें. पण त्याच्या गुणाची पारख कोणी तरी केली व त्यास जागा मिळाली. आमच्या आठहि तालुक्यांत असा नेम असलेलीं मुलें असतील. तीं शोधण्यास मोठें मैदान लागत नाहीं. दोन आर जागा, एक घट्ट गादी, एक पक्का बांध आणि एक सावध वडील माणूस पुरे. यांपैकीं शेवटचीं दोन नसतील, तर पहिलीं दोन असूनहि आरंभ करूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.